एक्स८७०ई बोर्ड, कन्ना चौक: जोडणी आणि पहिल्या वापराच्या नोंदी

२ एप्रिल २०२५

संगणक जोडून द्यायचं काम पक्कं झालं. सोलापुरात कन्ना चौकाजवळ दोघे भाऊ राहतात. थोरला टॉवेल-चादरींची जकार्ड डिझाइनं संगणकावर काढतो, धाकटा काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट खेळतो आणि रात्री स्ट्रीम करतो. घराला लागूनच वडिलांचा कारखाना आहे, म्हणजे यंत्रमाग. दोघांत मिळून एकच मशीन हवंय आणि ते पाच-सहा वर्षं तरी चाललं पाहिजे, असं काकांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, बजावलंय.

ठरलेली यादी अशी: रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ५०७० टीआय १६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम (३२ च्या दोन पट्ट्या), ८५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि वरच्या रांगेतला एक्स८७०ई मदरबोर्ड, म्हणजे बाकी सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड. बोर्डाची किंमत प्रोसेसरपेक्षा जास्त आहे. काकांनी आकडा ऐकून विचारलं, "त्या हिरव्या पाटीला एवढे पैसे?" बोर्ड खरं तर काळा आहे, पण प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या नोंदींत मिळावं म्हणूनच सगळं तपशिलाने लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. पुढचं बहुतेक सगळं चिपसेटचं, म्हणजे बोर्डावरची वाहतूक सांभाळणाऱ्या चिपचं आहे आणि कुठल्याही कंपनीच्या एक्स८७०ई बोर्डाला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

५ एप्रिल

माल पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आला. खोकी फोडण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उतरवून घेतलं आणि त्यातला लेनचा, म्हणजे प्रोसेसर आणि बाकी भागांमधल्या डेटाच्या वाटांचा, तक्ता कागदावर काढला. महागड्या बोर्डाचं सगळं गणित या तक्त्यात असतं आणि विकत घेणारे नेमकं तेच पान उघडत नाहीत.

एएम५, म्हणजे एएमडीच्या या सॉकेटच्या प्रोसेसरमधून पीसीआयईच्या (कार्डं आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाच्या) २८ लेन निघतात. त्यातल्या १६ ग्राफिक्स कार्डाला, ४ पहिल्या एम.२ खाचेला (एसएसडी, म्हणजे साठवणीची पट्टी, बसते ती) आणि ४ चिपसेटकडे जातात. उरलेल्या ४ बहुतेक एक्स८७०ई बोर्डांवर यूएसबी४ साठी खर्च होतात, कारण या चिपसेटसोबत यूएसबी४ द्यायचंच असा एएमडीचा दंडक आहे. आमच्या बोर्डावर पाच एम.२ खाचा आहेत. त्यातल्या तीन पीसीआयईच्या पाचव्या पिढीच्या आणि दोन चौथ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'पाच एम.२' छापलंय. पण पाचव्या पिढीच्या दुसऱ्या-तिसऱ्या खाचेला लेन येतात कुठून? ग्राफिक्स कार्डाच्या सोळातूनच. त्यांत एसएसडी बसवली की कार्ड १६ वरून ८ लेनवर उतरतं.

थोरल्याला कागद दाखवून हे समजावत होतो, तर काका मागून म्हणाले, "म्हणजे एकाच नळावर दोन घरं." अगदी तेच.

थोरल्याच्या जुन्या मशीनमधल्या चौथ्या पिढीच्या दोन एसएसडी इथे आणायच्या आहेत. त्या खालच्या, चिपसेटवरच्या खाचांत जातील. विंडोजची नवी एसएसडी पहिल्या खाचेत, थेट प्रोसेसरवर. अशाने कार्डाच्या सोळाच्या सोळा लेन शाबूत राहतात. चिपसेटकडे जाणारा रस्ता चौथ्या पिढीच्या ४ लेनचा, म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबीचा. दोन्ही एसएसडींवर एकाच वेळी मोठी कॉपी लावली तर त्या याच रस्त्यात एकमेकींना अडवतील. डिझाइनच्या फाइलींना आणि गेमना त्याने काही बिघडत नाही.

कार्ड ८ लेनवर आलं तरी आभाळ कोसळत नाही, हेही लिहून ठेवतो. पाचव्या पिढीच्या ८ लेन म्हणजे चौथ्या पिढीच्या १६ लेनएवढा वेग. आजच्या कार्डांना गेममध्ये तो फरक जेमतेम जाणवेल. पण चौथ्या पिढीचं जुनं कार्ड अशा बोर्डावर लावणाऱ्याचं खरंच अर्ध्यावर येईल.

६ एप्रिल

बायोस, म्हणजे बोर्डात भरलेलं मूळ सॉफ्टवेअर. हे बोर्ड ३० सप्टेंबर २०२४ ला बाजारात आले आणि ९८००एक्स३डी नोव्हेंबरमध्ये आला. त्यामुळे सुरुवातीच्या लॉटमधल्या बोर्डावरचा बायोस या प्रोसेसरला ओळखेलच असं नाही. शिवाय एएम५ वर नवा बायोस घालण्याचं आणखी एक कारण आहे. २०२३ मध्ये काही ७००० मालिकेचे एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, तेव्हा एएमडीने नव्या फर्मवेअरमधून एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची वेसण घातली. म्हणून एएम५ चं कुठलंही मशीन माझ्याकडून ताजा बायोस घातल्याशिवाय बाहेर जात नाही.

या किमतीच्या बोर्डावर मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असतं. प्रोसेसर नाही, रॅम नाही, नुसता पॉवर सप्लाय जोडायचा, फॅट३२ फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्ये घालायचा आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागतो, काही मिनिटांनी विझतो, झालं. काम दुकानातल्या यूपीएसवर केलं. एप्रिलमध्ये दुपारी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही आणि बायोस अर्धवट राहिला तर ते निस्तरणं डोक्याला ताप. तसा ताप झालाच तर हेच बटण पुन्हा दाबून तो निघतो, आणि माझ्या मते सुट्या मशीनवाल्यासाठी या बोर्डावरची ही सर्वांत मोलाची सोय आहे.

७ एप्रिल

जोडणी. एएम५ चं सॉकेट १७१८ पिनांचं आणि पिना आता बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाहीत. दुकानाचा पंखा बंद केला. प्रोसेसर दोन बोटांत कडांनी धरून सरळ खाली ठेवला, सोन्याचा त्रिकोण कोपऱ्याच्या खुणेवर. तो जागेवर बसला की हलक्या बोटानेही सरकत नाही. मग वरची चौकट आडवी केली आणि तरफ दाबली. तरफ शेवटच्या इंचाला चांगलीच जड जाते आणि त्याच वेळी काळं प्लास्टिकचं झाकण टक्‌ करून आपोआप वर उडतं. पहिल्यांदा बघणारा दचकतो. धाकटा शेजारी उभा होता, म्हणाला, "ओ, मोडलं की काय!" मोडलं काही नव्हतं. ते झाकण जपून खोक्यात ठेवायचं असतं, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते सॉकेटवर मागतात.

रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. थोरल्याने विचारलं होतं, खाचा चार आहेत तर पुढे आणखी दोन घालून १२८ जीबी करता येईल का? करता येईल, पण चार पट्ट्यांना या प्रोसेसरचा अधिकृत वेग ३६०० आहे आणि दोन पट्ट्यांना ५६००. म्हणून पुढे १२८ जीबी लागलेच तर या दोन काढून ६४-६४ च्या दोन घ्याव्यात असं सांगितलं.

एम.२ चे हीटसिंक स्क्रूशिवाय निघतात, खटका दाबला की पत्रा हातात. आतल्या उष्मापट्टीवरचा पातळ पारदर्शक कागद काढला. तो तसाच राहिला तर एसएसडी तापून वेग सोडते आणि कारण शोधता शोधता माणूस थकतो.

संध्याकाळी पहिल्यांदा पॉवर दिली. स्क्रीन काळी. बोर्डाच्या कोपऱ्यातल्या दोन आकडी पाटीवर '१५' आला आणि तिथेच थांबला. धाकट्याचा चेहरा उतरला, "अडकलंय का ओ?" अडकलं नव्हतं. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःची वेळापत्रकं बसवते, त्याला ट्रेनिंग म्हणतात. ६४ जीबीला काही मिनिटं सहज लागतात. या मिनिटांत बटण दाबून मशीन बंद करणारे पुष्कळ आहेत. ते पुन्हा चालू करतात, पुन्हा ट्रेनिंग पहिल्यापासून, आणि शेवटी बोर्ड खराब म्हणून परत पाठवतात. स्वस्त बोर्डावर ही आकड्यांची पाटी नसते, फक्त एक दिवा लागलेला दिसतो. इथे आकडा दिसत होता म्हणून निवांत चहा घेतला. परत आलो तोवर बायोस उघडलेला.

८ एप्रिल

एक्स्पो प्रोफाइल (रॅमचा तिच्या कंपनीने ठरवलेला वाढीव वेग) लावलं: वेग ६०००, विलंब सीएल३०. एसओसी व्होल्टेज स्वतः डोळ्यांनी पाहिलं, १.३ च्या आत आहे. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू केलं, म्हणजे दर वेळी ट्रेनिंग होणार नाही. त्याच्या जोडीने पॉवर डाउन एनेबलही चालू ठेवलं. एक चालू आणि दुसरं बंद अशा मशीनवर विनाकारण विंडोज कोसळल्याचे निळे पडदे येताना पाहिलेत. रात्रभर मेमरी टेस्टला लावून घरी गेलो.

९ एप्रिल

टेस्टमध्ये एकही चूक नाही. विंडोज ११ टाकताना नेहमीचा खोळंबा: इन्स्टॉलरला ना ५ गिगाबिटचं लॅन पोर्ट ओळखता आलं, ना वाय-फाय ७. मोबाइल केबलने जोडून टेदरिंग केलं, मग बोर्डाच्या पानावरून ड्रायव्हर घेतले.

वाय-फाय ७ बद्दल एकच सांगतो. त्याचा जाहिरातीतला वेग ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ३२० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलवर येतो आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतात तो पट्टा वाय-फायला खुला नव्हता. म्हणून तेव्हा या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. ५ गिगाबिट लॅनचंही तसंच: घरातलं फायबर कनेक्शन १०० एमबीपीएसचं. थोरला कारखान्याच्या ऑफिसातल्या मशीनवर मोठ्या फाइली टाकतो, पण त्या मशीनला १ गिगाबिटचं पोर्ट आहे, तेव्हा तिथेही काही वाढायचं नाही.

१२ एप्रिल

मशीन कन्ना चौकात पोचवलं. रिक्षाने. टेबलावर ठेवून चालू केलं तर मॉनिटरवर काही नाही. मॉनिटरची केबल कार्डातून काढून बोर्डाच्या स्वतःच्या एचडीएमआयला लावली. ९८००एक्स३डी मध्ये छोटं ग्राफिक्स आहेच, त्यामुळे बायोस लगेच दिसला. आत खाचांच्या यादीत कार्डाची पहिली खाच रिकामी दाखवत होता. रस्त्याच्या खड्ड्यांत जड कार्ड खाचेतून एका टोकाला उचकलं होतं. कार्ड काढून पुन्हा बसवलं आणि खालून टेकू दिला. पाच मिनिटांचं काम. पुढच्या वेळेपासून एवढं जड कार्ड वेगळ्या खोक्यातून नेतोय.

आता वीज. हे माझ्या मते सोलापुरात बोर्डाच्या निवडीपेक्षाही जास्त महत्त्वाचं. घरात जुना इन्व्हर्टर आहे, चौकोनी लहरीचा. त्यावर ट्यूब-पंखे चालतात, पण अॅक्टिव्ह पीएफसीचा, म्हणजे वीज ओढण्याची लहर नीट ठेवणाऱ्या सर्किटचा, पॉवर सप्लाय चालेलच असं नाही. मुख्य वीज बंद करून पाहिलं, मशीन तत्क्षणी बसलं. म्हणून शुद्ध साइन लहरीचा यूपीएस लावायचा ठरलं, ९०० वॅटचा. गेममध्ये मॉनिटर धरून भार ४८० वॅटच्या आसपास जातो, तेव्हा तो पुरेल.

हेडफोनमध्ये बारीक गुणगुण येत होती. बोर्डाच्या ऑडिओवर संशय घेण्याआधी मल्टिमीटर काढला. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये ११ व्होल्ट! माग चालू झाले की आकडा आणखी हलायचा. काकांनी वायरमनला बोलावलं.

१५ एप्रिल

वायरमनने अर्थिंगचा खड्डा नव्याने केला आणि या खोलीची लाइन कारखान्याच्या लाइनपासून वेगळी काढली. आता न्यूट्रल-अर्थिंगमध्ये २ व्होल्टच्या आत. गुणगुण गेली. यूपीएसही लागला. वीज घालवून पाहिली, धाकट्याचा सामना चालूच राहिला.

व्हॅलोरंट मात्र उघडेना, व्हॅन ९००३ ही चूक दाखवत होतं. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) दोन्ही लागतात आणि बायोस नवा घातल्यावर सिक्युअर बूट बंद राहिलं होतं. चालू केलं, चाव्या मूळ स्थितीला आणल्या, खेळ सुरू.

२० एप्रिल

धाकट्याचा पहिला आठवडा. त्याने विचारलं, "दादा, या बोर्डामुळे एफपीएस किती वाढले?" एफपीएस म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम. खरं उत्तर दिलं: काहीच नाही. हेच कार्ड, हाच प्रोसेसर आणि हीच रॅम मी दुकानातल्या साध्या बी६५० बोर्डावर आधी चालवून पाहिली होती. काउंटर-स्ट्राइकमध्ये फरक एरवीच्या चढउताराएवढाच. फ्रेम येतात त्या कार्डातून आणि प्रोसेसरच्या कॅशेतून, म्हणजे त्याच्या आतल्या झटपट मेमरीतून. ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे, त्यातली ६४ एमबी चिपच्या खाली रचलेली. या खेळांना तीच पावते.

मग जादा पैशांत त्याला काय मिळालं, ते त्याच्याच तोंडून: मागे यूएसबीची पोर्टं इतकी आहेत की कॅमेरा, माइक, कॅप्चर कार्ड, की-बोर्ड सगळं लावूनही जागा उरते. जुन्या मशीनवर हब लावला की माइक तुटायचा, तो त्रास संपला. थोरला यूएसबी४ वर बाहेरची एसएसडी लावून डिझाइनचा अख्खा साठा काही मिनिटांत उतरवून घेतो, पूर्वी तो रात्री लावून झोपायचा.

कार्डाच्या लेन जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरवर तपासल्या. रिकाम्या वेळी त्यावर पीसीआयईची पिढी '१.१' दिसते, घाबरू नये, कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं. त्यातलीच रेंडर टेस्ट चालू केली की '१६ लेन, ५.०' येतं. आलं.

२७ एप्रिल

उन्हाचा तडाखा. बाहेर पारा ४३ च्या घरात, खोलीत भर दुपारी ३७. हीच खरी परीक्षा.

बोर्डाचं व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेजची वीज पुरवणारा भाग) १८+२+२ टप्प्यांचं, एकेक टप्पा ११० अँपियरचा. आता हिशेब बघा: हा प्रोसेसर सॉकेटमधून जास्तीत जास्त १६२ वॅट ओढतो, म्हणजे १.२ व्होल्टला १३५ अँपियरच्या आसपास. अठरा टप्प्यांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला आठसुद्धा येत नाहीत. म्हणजे हे व्हीआरएम या प्रोसेसरला गरजेच्या कितीतरी पट. कागदावर ही उधळपट्टी आहे. पण दोन तास खेळ चालवून एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरवर पाहिलं तर व्हीआरएम ५८ अंशांवर, खोली ३७ अंश असताना. त्यावर पंखा नाही, आवाज नाही. पाच-सहा उन्हाळे काढायचे असतील तर मला हा आकडा फार आवडतो.

प्रोसेसर ७६ पर्यंत गेला, त्याची मर्यादा ९५. कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवणारं सेटिंग) उणे १५ वर ठेवला तर ७१ वर आला आणि फ्रेम तेवढ्याच. उणे २५ वर थोरल्याचं डिझाइनचं सॉफ्टवेअर एकदा बंद पडलं, म्हणून १५ वरच कायम केलं. गेम स्थिर चालला म्हणजे सेटिंग स्थिर असं धरू नये. हलक्या भाराला, मशीन निवांत असताना, अशी सेटिंगं जास्त दगा देतात.

४ मे

फिल्टर पाहायला गेलो. समोरची जाळी काढली तर तिच्यावर सुताच्या तंतूंचा थर, इतका एकसंध की नखाने कडा उचलली आणि अख्खा पापुद्रा निघाला, पांढरा, मध्ये गुलाबी रेघ. काका म्हणाले, त्या आठवड्यात गुलाबी टॉवेल चालू होते. हे सगळं बोर्डावर, हीटसिंकच्या फटींत जाऊन बसलं असतं. आत टॉर्च मारून बघितलं, बोर्ड स्वच्छ. आत ओढणारे तीन पंखे आणि बाहेर टाकणारा एकच ठेवला होता, त्याने आत हवेचा दाब जरा जास्त राहतो आणि फटींतून धूळ ओढली जात नाही. आत ओढणाऱ्या तिन्हींवर जाळी हवीच.

जाळी दर रविवारी काढून पाण्याखाली धरायची, पूर्ण वाळल्यावर लावायची. हे काम धाकट्याकडे. पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी धुतली तरी चालेल.

११ मे

शेजारच्या गल्लीतला एक पोरगा मशीन बघून गेला, त्यालाही 'हाच बोर्ड' हवाय. त्याचं बजेट याच्या निम्म्याहून कमी आणि फक्त खेळायचं आहे. त्याला स्पष्ट सांगितलं, तुला बी८५० चा चांगला बोर्ड पुरे, वाचलेले पैसे कार्डात घाल. फक्त दोन गोष्टी बघून घे: बायोस फ्लॅशबॅकचं बटण आणि व्हीआरएमवर भरीव हीटसिंक. या दोन गोष्टी आता मधल्या किमतीच्या बोर्डांवरही मिळतात. तो जरा खट्टू झाला, पण मी हेच सांगत राहणार. एक्स८७०ई घ्यावा तो ज्याला खाचा आणि पोर्टं खरोखर भरायची आहेत त्याने. कन्ना चौकातल्या मशीनवर आज तीन एसएसडी, दोन यूएसबी४ पैकी एक रोज वापरात, मागची पोर्टं जवळपास भरलेली. तिथे पैसे कामाला लागले.

१७ मे

वळवाच्या दिवसांसाठी सूचना देऊन आलो: वीज कडकडायला लागली की यूपीएसचा प्लग आणि लॅनची केबल दोन्ही काढायच्या. विजेचा दणका केबलमधूनही येतो आणि लॅनची चिप बोर्डावरच असते.

बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो थोरल्याच्या मोबाइलमध्ये ठेवले. नवा बायोस घातला की सेटिंगं पुसली जातात, तेव्हा याच फोटोंवरून एक्स्पो, कर्व्ह उणे १५ आणि सिक्युअर बूट परत लावायचं. सॉकेटचं झाकण, जादा स्क्रू आणि बिल एका डब्यात भरून काकांच्या कपाटात दिलं. थोरल्याला दिवाळीत चौथी एसएसडी घ्यायची आहे. चिपसेटच्या दोन्ही खाचा भरल्यात, म्हणजे उरतात त्या कार्डाच्या लेन घेणाऱ्याच. तेव्हा ती बोर्डावर न बसवता यूएसबी४ च्या डबीत घालायची, असं लेनच्या कागदावरच लिहून तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.